निगेटिव्ह कुणी वाचायची?

गेल्या हिवाळ्यात एका मोठ्या शहरातल्या कलादालनात फोटोंचं प्रदर्शन पाहिलं. सगळे फोटो फिल्मवर काढलेले. प्रत्येकाखाली लहानशी चिठ्ठी: कॅमेरा अमुक, लेन्स तमुक, फिल्म पोर्ट्रा ४००, आणि शेवटी सगळीकडे एकच ओळ, 'यात कोणताही बदल केलेला नाही.' फोटो वाईट नव्हते, हे आधीच सांगते. नदीचा घाट, कोवळं ऊन, चहाच्या टपरीवरचा म्हातारा, आणि सगळ्यांच्या अंगावर तो मधाळ पिवळेपणा, जो हल्ली 'फिल्मचा रंग' म्हणून ओळखला जातो. फोटोग्राफर तिशीतला मुलगा, बोलायला गोड. मी विचारलं, रोल धुतला कुणी? म्हणाला, लॅबला पाठवला होता. स्कॅन कुणी केला? लॅबनंच. मग रंग कुणी ठरवले? तो हसला. ''ठरवायचे कशाला मॅम, ते फिल्मचेच आहेत. फिल्म खोटं बोलत नाही.''

मी वीसेक वर्षं गुजराती आणि हिंदीतून मराठीत अनुवाद करते. माझ्या धंद्यात या वाक्याचा एक सख्खा भाऊ आहे. परीक्षण छापून येतं: 'लेखकाची भाषा काय नितळ आहे!' अहो, तुम्ही वाचलेल्या पुस्तकात लेखकानं एकही शब्द लिहिलेला नाही. नितळ असो की गढूळ, ती भाषा माझी आहे. मूळ थेट आपल्या हातात पडलं, मध्ये कुणीच नव्हतं, अशी समजूत करून घेण्यात वाचकाला एक सुख असतं. त्या सुखाची किंमत मधला माणूस भरतो. त्या चिठ्ठीवर कॅमेऱ्याचं नाव होतं, जपानी लेन्सचं होतं, अमेरिकन कंपनीच्या फिल्मचं होतं. ज्या माणसानं यंत्रासमोर बसून त्या म्हाताऱ्याच्या गालाचा रंग ठरवला, त्याचं नव्हतं.

कारण तो रंग कुणीतरी ठरवावाच लागतो. रंगीत निगेटिव्ह कधी उजेडासमोर धरून पाहा. सगळ्या पट्टीवर नारिंगी छटा असते. फिल्ममधली रंगद्रव्यं पुरती शुद्ध नसतात, त्यांची खोट भरून काढायला ती मुद्दाम घातलेली असते. काळे केस नारिंगी दिसतात, पांढरा सदरा काळपट, आकाश तांबूस तपकिरी. यातून फोटो करायचा म्हणजे उजेडाचा अंधार आणि अंधाराचा उजेड करायचा, नारिंगी वजा करायचा आणि मग ठरवायचं की या चित्रात राखाडी कुठे आहे. ते एकदा ठरलं की बाकीचे रंग त्याच्या मागून येतात. पूर्वी एन्लार्जरमध्ये पिवळ्या आणि गुलाबी फिल्टरांचे आकडे फिरवत डार्करूममधला माणूस हे ठरवायचा. आता फ्रंटियर किंवा नोरित्सूच्या स्कॅनरसमोर बसलेला मुलगा ठरवतो, आणि लग्नाच्या हंगामात एका फोटोसाठी त्याच्याकडे चार-पाच सेकंद असतात. मी एकदा एकच पट्टी दोन लॅबना दिली. एकीकडून माझी आत्या मधात बुडवल्यासारखी आली, दुसरीकडून नुकती तापातून उठल्यासारखी. फिल्म तीच, आत्या तीच. खरी कुठली, हे सांगायला आत्याही तयार नव्हती. तिला दोन्हींत जाड दिसल्याचं दुःख होतं.

अमेरिकन फोटोग्राफर अॅन्सेल अॅडम्स आधी पियानो शिकलेला. निगेटिव्ह म्हणजे स्वरलिपी आणि प्रिंट म्हणजे वादन, असं त्याचं म्हणणं होतं. आपल्याकडे हे समजायला पियानोही लागत नाही. बंदिश दोन ओळींची असते; ती ऐकून कुणी 'बंदिश काय सुरेल आहे, गायकानं काहीच बदल केला नाही' असं म्हणालं तर मैफलीत लोक वळून बघतील.

यावर फिल्मवाले एक चांगला मुद्दा काढतात, तो टाळून पुढे जाता येणार नाही. ते म्हणतात, स्लाइडचं काय? तिथे निगेटिव्ह नाही, उलटवणं नाही. फिल्म धुतली की तोच फोटो. खरं आहे. आणि स्लाइड फिल्मची महाराणी म्हणजे कोडाक्रोम, १९३५ साली आलेली. रघुबीर सिंहांनी आपला भारत तिच्यावरच टिपला, आणि रंग हा भारतीय नजरेचा स्वभाव आहे, कृष्णधवल ही पश्चिमेची उदासी आहे, असा वाद जगाशी घातला. पण कोडाक्रोम धुणं हे कुठल्याही लॅबचं काम नव्हतं. फिल्ममध्ये रंगद्रव्यं नसायचीच, ती धुताना टप्प्याटप्प्यानं घालावी लागत. कंपनीनं २००९ साली फिल्म बंद केली. शेवटचा रोल स्टीव्ह मॅकरीला दिला. छत्तीसपैकी काही फोटो त्यानं मुंबईत आणि राजस्थानात काढले. २०१०च्या डिसेंबरअखेर अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या एका लॅबनं ते रसायन थांबवलं, आणि ती जगातली शेवटची होती. त्यानंतर कुणाच्या कपाटात न धुतलेला कोडाक्रोमचा रोल सापडला तर त्यातून फार तर कृष्णधवल आकृत्या निघतील. रंग गेले. एखादी लिपी वाचणारा शेवटचा माणूस गेल्यावर शिलालेखाचं जे होतं, ते. तेव्हा स्लाइडलाही वाचणारा लागायचाच. फक्त तो इतका लांब आणि इतका एकटा होता की तो आहे हे आपण विसरून गेलो.

आणि फिल्म स्वतः तरी कुठे कोरी पाटी असते? छपाईचे रंग बरोबर आहेत की नाही हे जुळवायला कोडॅक लॅबना एक नमुना फोटो पाठवत असे. त्यावर बहुतेक वेळा एक गोरी बाई असायची. पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्या फोटोला 'शर्ली कार्ड' असंच नाव पडलं. शर्ली बरोबर दिसली की यंत्र बरोबर. सत्तरच्या दशकात गोदार मोझांबिकला गेला तेव्हा त्यानं कोडॅकची फिल्म वापरायला नकार दिला, ती काळ्या माणसांशी भेदभाव करते म्हणून. फिल्ममध्ये पुढे सुधारणा झाली. पण त्यामागे चॉकलेटवाल्यांच्या आणि लाकडी फर्निचरवाल्यांच्या तक्रारी होत्या, असं त्या कंपनीतल्याच लोकांनी नंतर सांगितलं. दोन तपकिरींतला फरक चॉकलेटच्या जाहिरातीत दिसत नव्हता, माणसांच्या तोंडावर दिसत नव्हता त्याचं कुणाला काही नव्हतं. आता या फिल्मवर एखादा सावळा चेहरा नीट उठून आला असेल तर त्याचं श्रेय कुणाचं? ज्यानं मीटर दाखवतो त्याहून अर्धा स्टॉप जास्त उघडला त्याचं, आणि ज्यानं छापताना हात राखला त्याचं. गावोगावच्या स्टुडिओवाल्यांना हे गणित पाठ होतं. कंपनीच्या माहितीपत्रकात ते नव्हतं.

हल्लीच्या लाडक्या फिल्मांत सिनेस्टिल ८००टी आहे. रात्री दुकानांच्या पाट्यांभोवती लाल वलयं उमटतात, ती हिची. ही मुळात सिनेमाची फिल्म. सिनेमाच्या फिल्मला मागून काजळीचा थर असतो, मागच्या भिंतीवर आपटून उजेड परत येऊ नये म्हणून. तो थर आधीच काढून टाकलेला असतो, म्हणजे साध्या लॅबमध्ये रोल धुता येतो, आणि मग उजेड परत येतो आणि वलय होतं. मला ती वलयं आवडतात. पण जी गोष्ट एक थर खरवडल्यामुळे झाली, तिला 'अस्सल' म्हणताना जीभ जरा अडखळायला हवी.

लेन्सचं प्रकरण तर मला अनुवादक म्हणून फारच प्रिय आहे. हेलिओस ४४-२ ही सोव्हिएत लेन्स सध्या तरुणांच्या गळ्यातला ताईत आहे, कारण तिच्यातून मागची झाडी भोवऱ्यासारखी फिरलेली दिसते. ती मूळची जर्मनीतल्या झाइसची बायोटार. महायुद्धानंतर आराखडे मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कला गेले. सुरुवातीच्या नमुन्यांवर 'बायोटार क्रास्नोगोर्स्क'ची आद्याक्षरं होती, म्हणजे मूळ लेखकाचा उल्लेख तरी होता. पुढे नाव हेलिओस झालं आणि उल्लेख गेला. त्याआधी १९३४ साली खारकिवला मकारेंकोनं उभ्या केलेल्या अनाथ मुलांच्या कम्यूनमध्ये लायकाची हुबेहूब प्रत तयार होऊ लागली होती, फेड नावाची. झेर्झिन्स्कीच्या नावाची आद्याक्षरं. आणि आपल्याकडे कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी दामल्यांना हाताशी धरून सिनेमाचा कॅमेरा स्वतःच घडवला, १९२०ची 'सैरंध्री' त्यावरच घेतली. परदेशी यंत्र बघून आपल्या लेथवर, आपल्या पितळेत उतरवलेलं ते रूपांतर. माझं म्हणाल तर मला मूळ लायकापेक्षा फेडबद्दल आणि बाबूरावांच्या कॅमेऱ्याबद्दल जास्त कुतूहल आहे. पण जुन्या कॅमेऱ्यांच्या बाजारात कुणी बाबूरावांची गोष्ट सांगत नाही. तिथे हेलिओस 'अस्सल रशियन' म्हणून विकली जाते आणि आतल्या बुरशीला 'कॅरॅक्टर' म्हणतात. (मुंबईचे चार पावसाळे कपाटात काढलेल्या लेन्सवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते, ती वेळेत पुसली नाही तर काच कोरते. त्याला कॅरॅक्टर म्हणायचं असेल तर माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीलाही आहे.)

'फिल्म संयम शिकवते' हा दुसरा मंत्र. छत्तीसच फोटो, रोल हजार-दीड हजाराचा, धुलाई आणि स्कॅन धरून एकेका क्लिकचे पन्नास रुपये, म्हणून माणूस विचार करून बटण दाबतो. गॅरी विनोग्रँड १९८४ साली वारला तेव्हा त्याच्यामागे सुमारे अडीच हजार रोल न धुतलेले निघाले. संयम महागाईनं येतो, फिल्मनं नाही. आणि महागाईच शिकवायची असेल तर त्यासाठी कॅमेऱ्याची गरज नाही.

इतकं सगळं चिडून लिहिण्याचं कारण ते प्रदर्शन नव्हे. कारण माझ्या घरापासून दहा मिनिटांवर आहे.

मी बडोद्यात राहते. इथल्या दांडिया बजारात अजून मराठी ऐकू येतं, गुजरातीचा हेल घेतलेलं. त्या भागातला एक स्टुडिओ चार वर्षांपूर्वी बंद झाला. तीन पिढ्यांचा. माझ्या आईवडिलांचा लग्नानंतरचा फोटो तिथला, माझा मॅट्रिकच्या फॉर्मवरचा तिथला. मालक काकांनी विकायला काढलं तेव्हा पहिल्या तीन दिवसांत कॅमेरे गेले. यशिका १२४जी दोन होते. बाहेरगावाहून एक जण गाडी घेऊन आला, रोख पैसे देऊन दोन्ही घेऊन गेला. लाकडी फील्ड कॅमेरा एका कॅफेनं नेला, आता तो तिथे केकच्या काचेशेजारी उभा आहे. काउंटरवरचे क्लिक थ्रीसुद्धा खपले. हा क्लिक थ्री इथे बडोद्यातच बनायचा, आग्फाच्या नावानं. १२० रोलवर बारा चौकोनी फोटो, भिंग एवढंसं, कडेला सगळं धूसर. शाळेच्या सहलीला ज्याच्याकडे तो असायचा त्याच्याशी त्या दिवशी कुणी भांडत नसे. त्या धूसर कडांना आता भाव आहे, म्हणून तो गेला.

राहिले ते डबे. मागच्या खोलीत जमिनीपासून छतापर्यंत. कागदी पाकिटांत निगेटिव्ह, प्रत्येक पाकिटावर क्रमांक, तळाला काचा. कितीतरी डब्यांवर 'इंदू' लिहिलेलं. आजच्या फिल्मवाल्यांना इल्फर्डचे आणि कोडॅकचे सगळे प्रकार तोंडपाठ असतात, इंदू ऐकलेला मला अजून एक भेटायचा आहे. १९६० साली उटीला सरकारनं फोटोफिल्मचा कारखाना काढला, इंदू हे त्याच्या मालाचं नाव. चांदीवर चालणाऱ्या धंद्याला चंद्राचं नाव ठेवणारा कुणीतरी त्या सरकारी दप्तरात बसला होता, याचं मला अजून नवल वाटतं. परदेशी फिल्म मिळणं मुश्कील होतं त्या वर्षांत या देशातली लग्नं, मुंजी, बारशी आणि ओळखपत्रं इंदूवर उतरली. कारखाना आता बंद आहे. तेव्हा देशी 'फिल्म स्टॉक' बघायचा असेल तर तो या डब्यांतच आहे.

त्या डब्यांना आठ महिने कुणी गिऱ्हाईक मिळालं नाही. मी दोन संस्थांना पत्रं लिहिली. एकीनं जागा नाही म्हणून कळवलं, दुसरीनं कळवलं नाही. मग भंगारवाला आला. कृष्णधवल निगेटिव्हमध्ये चांदी असते, जुन्या एक्स-रेसारखीच ती किलोवर जाते, रसायनात टाकून चांदी काढतात. काचा गरम पाण्यानं धुतल्या की देवाच्या तसबिरींना चालतात. हे काही बडोद्याचंच पाप नाही. 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट १९३१चा, त्याची एकही प्रत आज नाही. पुण्याच्या चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर सांगत की रिळांतली चांदी काढून ती टाकून दिल्याचं त्यांना खुद्द इराणींच्या घरातूनच कळलं. देशाच्या पहिल्या बोलपटाची ही कथा, तर दांडिया बजारातल्या पाकीट क्रमांक ४४१७ला कोण विचारतो?

मला कळलं तेव्हा एक टेम्पो गेला होता. मी तीन डबे आणि एक फुटकी पेटी वाचवली. वाचवली म्हणजे काय, काकांनी काढून ठेवली होती, मी रिक्षात घालून आणली. पेटी उघडल्यावर घरभर व्हिनेगरचा वास. अॅसिटेटची फिल्म उकाड्यात आणि दमटपणात सडायला लागली की असा वास येतो. एकदा सुरू झालं की त्याच आम्लानं सडणं आणखी वाढतं, आणि एकीची लागण शेजारणीला होते. आंबूस निघाल्या त्या वेगळ्या केल्या. थंड, कोरडी जागा हवी असते. बडोद्यात मे महिन्यात अशी जागा म्हणजे फ्रिज, आणि आमच्या फ्रिजमध्ये आता खालच्या कप्प्यात भाजी ठेवायला मनाई आहे.

पण सगळ्यात मोठं नुकसान निगेटिव्हांचं नाही. वही गेली. स्टुडिओत एक लांबट लाल वही असायची: क्रमांक, तारीख, नाव, साइज, किती प्रती, आगाऊ किती दिले. ती रद्दीत पहिल्याच दिवशी गेली, कारण ती नुसता कागद होती. क्रमांक माझ्याकडे आहेत, माणसं नाहीत. साताठशे चेहरे, सगळे निनावी. कोडॅकचा एखादा रिकामा पिवळा डबा आज बाजारात हौसेनं घेतला जातो. त्या वहीला कुणी पाच रुपये दिले नसते.

मी माझ्या परीनं एकेक वाचते आहे. खाली प्रकाशाची पाटी, वर कॅमेरा, मग पडद्यावर उलटवायची. होय, डिजिटल कॅमेरा. प्रत्येकीला मला ठरवावं लागतं की या बाईच्या साडीचा काठ किती काळा, भिंत किती उजळ. खाली मी लिहिते: उलटवली मी, अमुक तारखेला. आधी ते लिहिताना संकोच वाटला, मग आठवलं की पुस्तकाच्या मुखपृष्ठावर माझं नाव यावं म्हणून मी प्रकाशकांशी किती भांडले आहे.

४४१७ ही एका तरुण बाईची अर्धाकृती. हिच्या चेहऱ्यावर पेन्सिलीचं काम आहे. फिल्म खोटं बोलत नाही म्हणणाऱ्यांनी ते भिंगाखाली बघावं. निगेटिव्हवर पातळ वार्निशासारखं औषध लावून, टोकदार पेन्सिलीनं बारीक बारीक ठिपके मारायचे. निगेटिव्हवर जिथे पेन्सिल चालते तिथे फोटो उजळतो, म्हणून डोळ्यांखालची वर्तुळं जातात, देवीचे वण बुजतात, सावळी मुलगी दाखवण्यापुरती गव्हाळ होते. यातल्या शेवटच्या कामाचं समर्थन मी करणार नाही. पण ते काम होतं, त्याला टचिंग म्हणत, आणि ते करणाऱ्याला महिन्याचा पगार होता.

स्टुडिओतले टचिंगवाले अजून आहेत, ऐंशी ओलांडलेले. मी ४४१७ मोठी करून त्यांच्याकडे घेऊन गेले. बाई कोण, हे त्यांना आठवेना. मी म्हटलं, असू दे काका, काम तुमचंच ना? त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, स्क्रीन नाकाजवळ नेला, बराच वेळ गालावरचे ठिपके बघितले.

''माझं नाही,'' ते म्हणाले. ''हा भाऊंचा हात आहे. मी गोल फिरवायचो. भाऊ आडवे मारायचे, हे बघ.''

भाऊंचं पूर्ण नाव मी विचारून घेतलं आणि पाकिटावर लिहिलं.